करडांची हगवण जंताच्या औषधाने का थांबत नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. धाराशिवकडचा एक शेळीपालक बंदिस्त पद्धतीने उस्मानाबादी शेळ्या पाळतो. पावसाळा सुरू झाल्यापासून त्याची दीड-दोन महिन्यांची करडे पातळ हगू लागली आहेत. शेपटी आणि मागचे पाय बरबटलेले, पोट आत गेलेले, काही करडे दगावलीही. त्याने अल्बेंडाझोल दोनदा पाजले, मग औषध दुकानदाराच्या सांगण्यावरून मेट्रोनिडाझोल दिले. फरक पडला नाही. लेंड्या तपासून घेतल्या तेव्हा चिठ्ठीवर ‘कॉक्सिडिया’ आणि पुढे तीन अधिक चिन्हे आली. शेडमध्ये गावरान कोंबड्या फिरतात, त्यांच्यापासून हे आले का, घरातल्या लहान मुलाला होईल का आणि औषध नेमके कोणते द्यायचे, असे त्याने विचारले आहे.

कोंबड्यांचा इथे दोष नाही. कॉक्सिडिया हे आयमेरिया गटातले एकपेशीय परजीवी आहेत आणि आपापल्या जनावराच्या बाबतीत ते अगदी पक्के असतात. कोंबडीतला आयमेरिया शेळीत वाढत नाही, शेळीतला कोंबडीत नाही. शेळीचा तर मेंढीतही सहसा रुजत नाही, दिसायला दोन्ही इतके सारखे असूनही. माणसाला यातला एकही होत नाही, त्यामुळे मुलाची काळजी या आजारापुरती सोडून द्या. पण हगवणीच्या करडाजवळ किंवा वासराजवळ मुलाला जाऊ द्यावे का, याचे उत्तर वेगळे आहे. ते पुढे येईल.

अल्बेंडाझोलचा उपयोग झाला नाही, कारण ते औषध जंतांसाठी आहे. गोलकृमी, फीतकृमी हे अनेक पेशींचे, आतड्याच्या पोकळीत राहणारे किंवा अस्तराला चिकटणारे प्राणी. कॉक्सिडिया एका पेशीचा असतो आणि तो आतड्याच्या अस्तराच्या पेशीत शिरून तिच्या आत वाढतो. अल्बेंडाझोल, आयव्हरमेक्टिन, लेव्हामिसोल यांपैकी कशालाही तो दाद देत नाही. मेट्रोनिडाझोल जिआर्डिया, अमिबा अशा दुसऱ्या एकपेशीयांवर चालते, आयमेरियावर नाही. शिवाय ज्यांचे मांस-दूध माणूस खातो अशा जनावरांत ते वापरायला अमेरिकेत आणि युरोपात बंदी आहे. दुकानदाराने दिले म्हणून ते पाजत राहू नका. या सगळ्यात दोन आठवडे गेले, आणि या आजारात दोन आठवडे म्हणजे परजीवीची जवळपास एक पूर्ण पिढी.

ती पिढी कशी चालते हे नीट समजून घ्या, कारण पुढे मी जे काही करायला सांगणार आहे ते सगळे त्यावरच उभे आहे. आजारी करडाच्या लेंडीतून परजीवीचे ऊसिस्ट बाहेर पडतात. ऊसिस्ट म्हणजे जाड दुहेरी कवचातली एक पेशी, साधारण एका मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढी. बाहेर पडते त्या क्षणी ती रोग देऊ शकत नाही. तिला पिकायला ओल लागते, हवा लागते आणि ऊब लागते. पंचवीस-तीस अंश तापमान आणि ओली जमीन मिळाली की दोन-चार दिवसांत कवचाच्या आत आठ बीजके तयार होतात आणि मग ती खऱ्या अर्थाने विखारी होते. करडू जमीन चाटते, गव्हाणीत पाय घालून उभे राहते, लेंडीने माखलेला सड तोंडात घेते आणि ही पिकलेली ऊसिस्ट पोटात जाते. आत कवच फुटते, बीजके आतड्याच्या पेशींत शिरतात, तिथे एकाची शेकडो, काही जातींत हजारो होतात, पेशी फोडून बाहेर पडतात आणि शेजारच्या पेशींत शिरतात. असे दोन-तीन फेरे झाले की नर-मादी रूपे तयार होऊन नवी ऊसिस्ट बनतात. शेळीत हे सगळे व्हायला जातीनुसार दीड ते तीन आठवडे लागतात. पोटात गेलेल्या एका ऊसिस्टमागे लाखो बाहेर येऊ शकतात.

यातून एक गोष्ट हाती लागते आणि माझ्या अनुभवात तीच सर्वांत मोलाची आहे: आज पडलेली लेंडी आज रोग देत नाही. ती उचलायला तुमच्याकडे निदान एक दिवस असतो. कोरड्या जागी पडली तर त्याहून जास्त, आणि कडक उन्हात पडली तर ऊसिस्ट पिकण्याआधीच मरतात. ओल्या सावलीत मात्र ते कित्येक महिने जिवंत राहतात. म्हणून हा आजार एप्रिल-मे महिन्यात दबलेला असतो आणि जुलैत उसळतो. परजीवी नवीन कुठून आलेला नसतो. तो तुमच्या शेळ्यांच्या पोटात आधीपासून आहे, तसा तो जवळपास प्रत्येक कळपात असतो. मोठ्या शेळ्या रोज थोडेथोडे ऊसिस्ट टाकतात आणि स्वतः ठणठणीत असतात. पावसाने फक्त तुमची जमीन त्याच्या सोयीची करून दिली.

मेलेले करडू तसेच पुरू नका, जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात शवविच्छेदनाला न्या. अशा करडाचे लहान आतडे कापून, वाहत्या पाण्यात हलकेच धुऊन उजेडात धरले की अस्तरावर टाचणीच्या डोक्याएवढे पांढरट-पिवळसर ठिपके दिसतात. कुठे सुटे, कुठे इतके दाट की अस्तर जाड होऊन त्याला वळ्या पडलेल्या असतात. पुष्कळदा आतडे न कापताच, बाहेरूनही ते जाणवतात. त्या जागेचे अस्तर हलकेसे खरवडून काचेवर घेतले आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले की नजर जाईल तिथे परजीवीची वाढणारी रूपे आणि गोल-लांबट ऊसिस्ट दाटीवाटीने दिसतात. निरोगी पेशी शोधावी लागते. ज्या अस्तरातून दूध आणि खुराक अंगाला लागायचा, ते अस्तरच राहिलेले नसते. ज्याने हे एकदा पाहिले, तो नुसती हगवण बंद करणाऱ्या गोळीच्या मागे पुन्हा लागत नाही. ती गोळी दिली तर हगवण आत साठते आणि करडू फुगून मरते.

जी करडे जगतात त्यांचेही नुकसान काही लहान नसते. आतड्याचे अस्तर भरून यायला वेळ लागतो आणि ज्या महिन्यांत वजन झपाट्याने वाढायला हवे तेच महिने वाया जातात. केस रापलेले, पोट सुटलेले, आपल्या जोडीच्या करडापेक्षा दोन-तीन किलो मागे असलेले करडू बहुतेक गोठ्यांत असते. पालक त्याला ‘कमी दुधाचे’ म्हणून सोडून देतात. अशा करडांत मी आधी कॉक्सिडियाचा संशय घेतो. हगवण न होताही हा आजार वाढ खातो, आणि मरतुकीपेक्षा हा तोटा पैशात मोठा असतो असे माझे ठाम मत आहे.

आता त्या चिठ्ठीबद्दल. ‘कॉक्सिडिया’ आणि तीन अधिक चिन्हे याचा अर्थ आपोआप ‘याच आजाराने करडे मेली’ असा होत नाही. निरोगी करडाच्या लेंडीतही एका ग्रॅममध्ये हजारो ऊसिस्ट सापडू शकतात. शिवाय शेळ्यांत आयमेरियाच्या अनेक जाती आहेत आणि सगळ्या सारख्या घातक नाहीत. निनाकोहल्याकिमोव्ही आणि अर्लोइंगाय या दोन जाती जास्त त्रास देतात, बाकीच्या कितीतरी नुसत्या येऊन जातात. उलटही होते. आतड्याची नासधूस ऊसिस्ट बाहेर पडण्याच्या आधीच सुरू होते, म्हणून हगवणीच्या पहिल्या एक-दोन दिवसांत तपासणी जवळपास कोरी येऊ शकते आणि करडू मात्र याच रोगाने मरत असते. चिठ्ठी, वय, लक्षणे आणि शेडची अवस्था एकत्र ठेवूनच निदान करायचे. तुमच्याकडे चारही जुळतात, म्हणून मी कॉक्सिडिओसिसच, म्हणजे कॉक्सिडियाने होणारा आजारच धरून चाललो आहे.

वयाचे गणित लक्षात ठेवा. दहा दिवसांच्या आतल्या करडाला हगवण लागली तर ती कॉक्सिडियाची असणे अवघड, कारण परजीवीला आतड्याचे नुकसान करण्याएवढा वेळच मिळालेला नसतो. तिथे चीक कमी मिळणे, ई-कोलाय जिवाणू, क्रिप्टोस्पोरिडियम (दुसरा एक परजीवी, त्याबद्दल पुढे) यांकडे बघायचे. तीन आठवड्यांपासून चार-पाच महिन्यांपर्यंतचा काळ कॉक्सिडियाचा, आणि त्यातही दूध तोडल्यानंतरचे दोन-तीन आठवडे. धष्टपुष्ट, सगळ्यांत जास्त खाणारे करडू संध्याकाळी चांगले होते आणि सकाळी मेलेले सापडले तर आंत्रविषाराचा, म्हणजे आतड्यातल्या जिवाणूंच्या विषाने होणाऱ्या आजाराचा संशय घ्या. ताप, नाका-डोळ्यांतून स्राव, तोंडात फोड आणि सोबत हगवण असेल तर पीपीआर हा शेळ्या-मेंढ्यांचा विषाणूजन्य साथीचा रोग असू शकतो. त्यात एक दिवसही न दवडता पशुधन विकास अधिकाऱ्यांना कळवा. चरायला जाणाऱ्या शेळीच्या पापण्या आतून पांढऱ्या पडल्या, जबड्याखाली सूज आली तर तो रक्त पिणाऱ्या जंताचा प्रकार, तिथे जंतनाशक खरोखर लागते. कॉक्सिडियाला आपल्याकडे सगळे रक्ती हगवण म्हणतात, पण करडांत रक्त दिसेलच असे नाही. बहुतेकदा लेंड्यांचा आकार जातो, मग पिवळसर-तपकिरी, घाण वासाची, शेंबडासारखी चिकट हगवण होते. रक्ताची वाट बघत बसलात तर उशीर झाला म्हणून समजा.

औषधाकडे येतो. अम्प्रोलियम हे सर्वत्र मिळणारे, स्वस्त आणि १९६० पासून वापरात असलेले औषध. त्याची रचना थायमिन म्हणजे ब१ जीवनसत्त्वासारखी आहे. परजीवी ब१ समजून ते घेतो आणि उपाशी मरतो. करडांत सहसा दर किलो वजनाला दिवसाला ५० मिलिग्रॅमपर्यंत, पाच दिवस देतात. २० टक्के पावडरीच्या एका ग्रॅममध्ये २०० मिलिग्रॅम औषध असते, म्हणजे आठ किलोच्या करडाला दिवसाला दोन ग्रॅम पावडर. ती पाण्यात कालवून प्रत्येकाला सिरिंजने पाजायची. पिण्याच्या पाण्यात टाकून मोकळे होऊ नका, कारण आजारी करडू पाणी किती पिते याचा भरवसा नसतो आणि दूध पिणारे करडू तर पाणी फारसे पीतच नाही. पुड्यावरची टक्केवारी वाचा, मात्रा तुमच्या डॉक्टरांकडून वजनावर ठरवून घ्या. या पाच दिवसांत बी-कॉम्प्लेक्स किंवा ब१ असलेले लिव्हर टॉनिक देऊ नका. मी कितीतरी ठिकाणी एकाच पिशवीत दोन्ही विकलेले पाहतो. एक दुसऱ्याचा परिणाम पुसून टाकते. आणि मात्रा फार झाली किंवा फार दिवस दिली तर करडाच्या स्वतःच्या अंगातले ब१ कमी पडते. मान मागे टाकणे, डोके भिंतीला लावणे, दिसेनासे होणे, असे काही दिसले तर अम्प्रोलियम लगेच बंद करून डॉक्टरांना बोलवा. तेव्हा थायमिनचे इंजेक्शनच लागते.

अम्प्रोलियमचा जोर परजीवीच्या पहिल्या फेऱ्यावर असतो. हगवण चांगलीच सुरू झालेल्या करडात परजीवी पुढच्या रूपांत गेलेला असतो, म्हणून तिथे सल्फा गटातली औषधे किंवा टोल्ट्राझुरिल जास्त कामाची. सल्फा देताना करडाला पाणी भरपूर मिळाले पाहिजे, नाहीतर औषधाचे खडे मूत्रपिंडात बसतात. हगवणीने सुकलेल्या करडात हा धोका दुप्पट. टोल्ट्राझुरिल पेशीच्या आतल्या सगळ्या रूपांवर चालते आणि दर किलोला २० मिलिग्रॅम एकदाच द्यावे लागते. ५ टक्के द्रावण असेल तर आठ किलोच्या करडाला साधारण ३.२ मिली. बाजारात २.५ टक्क्यांचे जे द्रावण मिळते ते कोंबड्यांच्या पाण्यात मिसळण्यासाठी असते. ते तीव्र अल्कधर्मी असते, करडाच्या तोंडात तसेच ओतले तर घसा-अन्ननलिका भाजते. महाग औषध आहे, पण एका मात्रेत काम होते आणि पन्नास करडे रोज धरून पाच दिवस पाजण्याची मजुरी धरली तर हिशेब फारसा मागे जात नाही.

औषधाने परजीवी थांबतो, पण फाटलेले आतडे लगेच शिवले जात नाही. ते भरून येईपर्यंत करडू पाण्यावर आणि मिठावर तगले पाहिजे. क्षारसंजीवनी दिवसातून चार-पाच वेळा थोडीथोडी पाजा. पाकीट नसेल तर उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. आईचे दूध तोडू नका, खुराक मात्र चार दिवस कमी करून सुका चारा पुढे ठेवा. कान-पाय गार पडलेले, मान टाकलेले करडू असेल तर त्याला शिरेतून सलाईन लागते, घरी पाजत बसू नका.

मात्र औषध फक्त हगणाऱ्या करडांना देणे पुरेसे नाही. एकाच कप्प्यातली, एकाच वयाची सगळी करडे एकाच जमिनीवर चाटतात. चार हगत असतील तर उरलेल्यांच्या पोटात परजीवी आधीच वाढतोय, फक्त तुम्हाला अजून दिसलेला नाही. औषधाचा खरा फायदा त्या न हगणाऱ्यांनाच होतो. सगळ्यांना एकाच दिवशी द्या.

आणि त्याच दिवशी जमीन बदला. हे मी कितीही वेळा सांगायला तयार आहे, कारण नव्वद टक्के लोक इथेच चुकतात. औषध दिले, हगवण थांबली, करडे त्याच ओल्या कप्प्यात राहिली आणि तीन आठवड्यांनी सगळे पहिल्यापासून. मग ‘औषध बोगस निघाले’ अशी तक्रार येते. औषधाने तुम्हाला फक्त दोन-तीन आठवडे मिळवून दिलेले असतात. त्या काळात शेड सुकले पाहिजे.

शेडमध्ये जाऊन उभे राहू नका, करडाच्या उंचीला खाली बसा. आधी पाण्याच्या भांड्याखाली हात घाला. दहापैकी आठ शेडांत सगळ्यांत ओली जागा तीच असते: पाणी सांडते, करडे तिथेच उभी राहून हगतात, तिथेच तोंड घालतात. भांडे कप्प्याच्या बाहेर टांगा, फक्त तोंड जाईल एवढी जागा ठेवा, खाली सांडलेले पाणी बाहेरच्या बाजूला उतरेल असा उतार द्या. मग गव्हाण बघा. करडू आत चढून बसू शकते का? बसत असेल तर चाऱ्यात लेंडी पडणारच. आडवी फळी किंवा पाइप मारून ती सोय बंद करा. नंतर पत्र्याची पागोळी बघा, पावसाची झड कोणत्या बाजूने येते ते बघा, त्या बाजूला पोत्यांचा नव्हे तर वर-खाली करता येणारा पडदा लावा. पोती भिजून राहतात आणि शेडमधली दमट हवा कोंडतात. मुरमाची जमीन असेल तर वरचा चार बोटांचा थर खरवडून काढून नवा कोरडा मुरूम टाका. कोबा असेल तर रोज झाडा, पण पावसाळ्यात रोज धुऊ नका. धुतलेला कोबा दमट हवेत दिवसभर वाळत नाही आणि ऊसिस्टला हवी असलेली ओल तुम्हीच पुरवता. करडांसाठी जमिनीपासून वर फळ्यांचा किंवा बांबूचा माच करता आला, लेंड्या फटीतून खाली पडल्या, तर या आजाराचे निम्म्याहून जास्त काम तिथेच होते. फट एवढीच ठेवा की लेंडी पडेल पण करडाचे खूर अडकणार नाही.

फिनेल, ब्लीचिंग पावडर, पोटॅशियम परमँगनेट यांनी ऊसिस्ट मरत नाही. त्याचे कवच या सगळ्यांना पुरून उरते. वास येतो म्हणून स्वच्छ झाले असे वाटते, एवढेच. चुन्याने ओल शोषली जाते आणि तेवढा उपयोग होतो, पण तोही ऊसिस्ट मारेल या भरवशावर राहू नका. त्याला मारतात उष्णता आणि वाळणे. कडक ऊन, उकळते पाणी, वाफ, रिकाम्या कोब्यावर आणि विटांच्या भिंतीवर फ्लेम गन. गवत, लाकूड, वायर जवळ असेल तिथे फ्लेम गन अजिबात नको. काढलेल्या लेंड्यांचा ढीग शेडपासून लांब, झाकून करा. ढीग आतून तापतो आणि त्या उष्णतेत ऊसिस्ट मरतात. ताजे लेंडीखत नेपियर किंवा मेथीघासाच्या वाफ्यात टाकून तोच चारा ओला कापून करडांना घालत असाल तर ते आधी बंद करा, नाहीतर शेडमधून झाडून काढलेले तुम्ही पुन्हा गव्हाणीत आणत आहात.

वेगवेगळ्या वयाची करडे एकत्र ठेवणे ही बंदिस्त शेळीपालनातली मोठी चूक. तीन महिन्यांचे करडू आजारातून उठलेले असते, पण ऊसिस्ट टाकत असते, आणि त्याच कप्प्यात पंधरा दिवसांचे करडू जमीन चाटत असते. वेत मागेपुढे झाले की जो शेवटी जन्मतो त्याच्या वाट्याला सगळ्यात घाण जमीन येते. म्हणून पहिल्या जन्मलेल्यांना फारसे काही होत नाही आणि शेवटची करडे मरतात. तुमच्याकडे कोणती मेली ते आठवून बघा. वयात दोन-तीन आठवड्यांपेक्षा जास्त फरक असेल तर कप्पा वेगळा करा आणि कामाला सुरुवात लहानांच्या कप्प्यापासून करून मोठ्यांकडे जा, उलटे नाही. बूट आणि खराटा हे ऊसिस्टचे वाहन आहे.

एवढे करून परजीवी संपेल का? नाही, आणि संपवायचाही नाही. थोडेथोडे ऊसिस्ट पोटात गेले तर करडाच्या अंगात प्रतिकारशक्ती तयार होते आणि पुढे ते आयुष्यभर बऱ्यापैकी सुरक्षित राहते. तुमच्या मोठ्या शेळ्या अशाच सुरक्षित झाल्या आहेत. लढाई संख्येची आहे: करडाला दिवसाला शेकड्यांत मिळाले तर ते शिकते, लाखांत मिळाले तर मरते. म्हणूनच वर्षभर खुराकात कॉक्सिडियाविरोधी औषध मिसळत राहणे मला पटत नाही. औषध थांबले की ते कोऱ्या अंगाचे करडू एकदम समोर येते, आणि परजीवीही औषधाला सरावतो. त्यापेक्षा तुमच्या शेडमध्ये आजार नेमका कोणत्या वयात दिसतो ते वहीत लिहा आणि पुढच्या वेतात त्या वयाच्या आठवडाभर आधी, फक्त धोक्याच्या दिवसांत, सगळ्यांना एकदा औषध द्या. दूध एकदम तोडू नका, दूध तोडणे, कप्पा बदलणे आणि लसीकरण एकाच आठवड्यात आणू नका.

तुमच्या कोंबड्यांचा तुमच्या करडांशी संबंध नसला तरी त्यांना त्यांचा स्वतःचा कॉक्सिडिओसिस होऊ शकतो आणि तो जास्त झटपट असतो. कोंबडीत आयमेरियाच्या सात जाती मानल्या जातात आणि प्रत्येकीची आतड्यातली जागा ठरलेली आहे. असर्वुलिना सुरुवातीच्या भागात आडव्या पांढऱ्या रेघा उठवते, मॅक्सिमा आणि नेकाट्रिक्स मधल्या भागात, टेनेला शेवटच्या दोन बंद पिशव्यांत. तीन ते सहा आठवड्यांची पिल्ले पंख पाडून एका कोपऱ्यात गोळा झाली, तुरा फिका पडला, विष्ठेत लाल रक्त दिसले की बहुधा टेनेला. मेलेले पिल्लू उघडल्यावर त्या दोन पिशव्या बोटभर फुगून गडद लाल झालेल्या दिसतात, चिरल्या तर आत निव्वळ रक्त. दोन-तीन दिवस तगलेल्या पिल्लात तेच रक्त घट्ट होऊन पनीरसारखी कांडी बनलेली असते. पिकलेले ऊसिस्ट खाल्ल्यापासून रक्त दिसेपर्यंत जेमतेम चार-पाच दिवस लागतात. आजारी पिल्लू दाणा सोडते पण पाणी पिते, म्हणून इथे औषध पाण्यातूनच द्यायचे: २० टक्के अम्प्रोलियम लिटरला १.२ ग्रॅम, तीन ते पाच दिवस, मग लिटरला ०.३ ग्रॅम आठवडाभर. त्या काळात दुसरे पाणी ठेवू नका. सोबत के जीवनसत्त्व दिले तर रक्तस्राव लवकर आटोक्यात येतो. खाली अंथरलेले तूस गोळा होऊन चिकटले असेल तर काढा, उरलेले रोज वर-खाली करा. विकतच्या पिल्लांच्या खाद्यात कॉक्सिडियाविरोधी औषध बहुधा असते, पोत्यावरचे लेबल वाचा. घरी भरडा करून घालणाऱ्यांच्या खाद्यात ते नसते आणि आजार तिथेच आधी दिसतो.

त्याच लेबलवर मोनेन्सिन, सॅलिनोमायसिन, मदुरामायसिन असे काही लिहिले असेल तर ते खाद्य घोड्याच्या जवळही जाऊ देऊ नका. घोडा, खेचर, गाढव या जनावरांना ही औषधे अगदी कमी मात्रेतही मारक आहेत. हृदयाचे स्नायू निकामी होतात आणि उतारा नाही. लग्नाच्या वरातीसाठी घोडी पाळणारे बरेच जण शेजारी कोंबड्याही पाळतात, म्हणून हे मुद्दाम सांगतो. करडांच्या वाढीसाठी म्हणून ब्रॉयलरचे खाद्य घालण्याची पद्धत काही ठिकाणी आहे, तीही सोडा. तिथे औषधाची मात्रा कोंबडीच्या हिशेबाने असते, शेळीच्या नाही.

वासरांत आणि रेडकांत झुर्नी आणि बोव्हिस या आयमेरियाच्या जाती त्रास देतात. एक महिन्यापासून वर्षभरापर्यंतचे वासरू सारखे कुंथते, थोडेसे रक्त-शेंबूड टाकते, कधी गुदद्वार बाहेर येते. उपाय आणि शेडचे नियम तेच, मात्रा वेगळी.

आता मुलाच्या प्रश्नाकडे. पहिल्या तीन आठवड्यांतल्या वासराला आणि करडाला होणाऱ्या हगवणीत क्रिप्टोस्पोरिडियम पार्व्हम नावाचा दुसरा एकपेशीय परजीवी असू शकतो, आणि तो माणसाला होतो. त्याचे ऊसिस्ट बाहेर पडतानाच पिकलेले असतात, म्हणजे वर सांगितलेली एक दिवसाची मुभा इथे नाही. क्लोरीनला तो जुमानत नाही. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या मिलवॉकी शहराच्या नळाच्या पाण्यातून याच वंशाच्या परजीवीने सुमारे चार लाख लोक आजारी पडले. धडधाकट माणसाची हगवण आठ-पंधरा दिवसांत आपोआप थांबते, पण लहान मूल, म्हातारे माणूस, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे घेणारा रुग्ण यांना ती जड जाते. तेव्हा हगणाऱ्या करडा-वासरांच्या कप्प्यात मुलाला जाऊ देऊ नका. तुम्ही स्वतः काम झाल्यावर साबणाने हात धुवा, कारण सॅनिटायझर या परजीवीवर चालत नाही. तिथले बूट घरात आणू नका आणि घरचे पिण्याचे पाणी उकळून घ्या.

या आठवड्यात तुम्ही एवढे करा. न हगणारी आणि हगणारी, दोन्ही प्रकारच्या पाच-सहा करडांच्या ताज्या लेंड्या थेट गुदद्वारापाशी हातमोजा घालून घ्या, वेगवेगळ्या स्वच्छ डब्यांत ठेवा, डब्यावर करडाचे वय लिहा आणि थंड ठेवून त्याच दिवशी तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात पोचवा. जमिनीवरून गोळा केलेल्या लेंडीवरून करडाचे वयही कळत नाही आणि आजाराचा अंदाजही येत नाही. तिथे सोय नसेल तर नमुना पुण्याला औंधच्या रोग अन्वेषण विभागाकडे पाठवता येतो. दवाखान्यापर्यंत जाणे जमत नसेल तर १९६२ या पशुवैद्यकीय मदतीच्या क्रमांकावर फोन करा. औषध दिल्यावर सात ते दहा दिवसांनी त्याच करडांचे नमुने पुन्हा द्या, म्हणजे औषध लागू पडले की नाही ते आकड्यात दिसेल, आणि तेव्हाच त्यांचे वजनही करा. औषध दिल्याची तारीख, करडाचा बिल्ला क्रमांक आणि औषधाचे नाव वहीत टाका. टोल्ट्राझुरिल अंगात बराच काळ राहते. युरोपात ते दिल्यानंतर मेंढीचे मांस ४२ दिवस आणि वासराचे ६३ दिवस खाण्यासाठी घेत नाहीत. दूध विकत असाल त्या शेळीला ते देऊच नका, आणि बकरी ईदसाठी ठेवलेल्या बोकडांना ते द्यायची वेळ आली तर विक्रीच्या तारखेपासून मागे दिवस मोजून मगच द्या.